फॅनी फर्न : आधी ५० सेंट, मग १०० डॉलर

प्रश्न : फॅनी फर्न नावाची बाई १८५० च्या दशकात अमेरिकेत पेपरात कॉलम लिहून सगळ्यात जास्त पैसे मिळवायची असं वाचलं, खरंय का? आणि कादंबरीत तिनं स्वतःच्याच घरच्यांची बदनामी केली म्हणतात, ते काय प्रकरण?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पैशांचं खरंय. १८५५ मध्ये 'न्यूयॉर्क लेजर' या साप्ताहिकाचा मालक रॉबर्ट बॉनर यानं तिला एका कॉलमचे १०० डॉलर द्यायला सुरुवात केली, तेव्हा तिकडे कुठल्या पुरुषालाही कॉलमचे एवढे मिळत नव्हते. आणि याच बाईला चार वर्षांपूर्वी, १८५१ मध्ये, बोस्टनच्या एका छोट्या साप्ताहिकानं पहिल्या लेखाचे दिले होते ५० सेंट!

बदनामी हा शब्द मात्र मला अजिबात पटत नाही. तिचं खरं नाव सारा विलिस, जन्म १८११, मेन राज्यातलं पोर्टलंड. १८४४ ते ४६ या काळात आधी आई गेली, मग मोठी मुलगी, मग नवरा, आणि पदरात दोन लहान मुली. माहेरचे आणि सासरचे दोघंही खाऊनपिऊन सुखी, पण मदत द्यायची ती मोजून मापून आणि वर टोमणे. शिवणकाम करून भागेना, दुसरं लग्न केलं तर तो नवरा इतका संशयी निघाला की त्याला सोडून यावं लागलं, आणि १८५१ मध्ये नवऱ्याला सोडणं म्हणजे लोकांनी काय काय बोलायचं बाकी ठेवलं असेल! मुलगी ग्रेस सासूसासऱ्यांकडे ठेवावी लागली, ते तर वाचवत नाही.

तिचा भाऊ नॅथॅनियल विलिस न्यूयॉर्कमधला नावाजलेला कवी-संपादक. तिनं त्याला आपले लेख पाठवले तर यानं कळवलं की हे लिखाण सवंग आहे, माझ्या बहिणीनं लिहिलंय हे कुणा संपादकाला कळलं याचंच वाईट वाटतं. पुढे त्याच्याच पेपरातला जेम्स पार्टन फर्नचे लेख छापायला लागला, भावानं मनाई केली तर पार्टननं नोकरीच सोडली.

१८५३ च्या पहिल्या पुस्तकासाठी प्रकाशकानं विचारलं, हजार डॉलर एकरकमी की प्रत्येक प्रतीमागे १० सेंट? हातात पैसा नसतानाही तिनं १० सेंट घेतले आणि वर्षभरात एकट्या अमेरिकेत ७० हजार प्रती खपल्या. मग ग्रेस घरी आली.

'रूथ हॉल' ही कादंबरी आली १८५४ च्या शेवटी, आणि त्यात हे सगळं आहे, तो भाऊसुद्धा. टोपणनावामागे आपण लपलोय असं तिला वाटत होतं, पण तिनं ज्याचा पेपर सोडला होता त्या संपादकानं रागानं तिचं खरं नाव फोडलं आणि मग बापाची, भावाची लाज काढली म्हणून टीकाकार तुटून पडले. प्रसिद्ध अमेरिकन कादंबरीकार हॉथॉर्न, जो लिहिणाऱ्या बायकांवर एरवी वैतागलेला असायचा, त्यानं मात्र मनापासून कौतुक केलं. आणि त्या कादंबरीतली नायिका शेवटी लग्न करत नाही, तिला मिळतात बँकेचे शेअर्स, त्या सर्टिफिकेटचं चित्रच पुस्तकात छापलंय!

१८५६ मध्ये तिनं त्याच पार्टनशी लग्न केलं, पण आधी लेखी करार करून, की तिची कमाई तिची आणि तिच्या मुलींचीच राहील. 'लेजर'मधला कॉलम १८७२ च्या ऑक्टोबरात ती वारली तोपर्यंत दर आठवड्याला चालू होता.