फायरफॉक्स ८८ ला अजून किती दिवस चिकटून राहणार?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की विंडोज १० च्या लॅपटॉपवर फायरफॉक्स ८८ आहे, ८९ मध्ये टॅबचं रूप बदललं ते बघवलं नाही म्हणून पॉलिसी फाइल (ब्राउझरला हुकूम देणारी छोटी फाइल) टाकून अपडेट कायमचं बंद केलंत, मार्च २०२५ मध्ये कशाला हात न लावता सगळी ॲडऑन (ब्राउझरला जोडलेल्या जादा सोयी) बंद पडली, बातम्यांच्या साइट नोटिफिकेशनची परवानगी मागून डोकं खातात, व्हिडिओ आपले आपण सुरू होतात, बँकेची साइट ब्राउझर जुना आहे म्हणून वर लाल पट्टी दाखवते, आणि आता अपडेट करावं की जे आहे ते बरं.

करा. पण नेहमीचं फायरफॉक्स घेऊ नका, ईएसआर नावाची त्याची कमी बदलणारी आवृत्ती घ्या. का ते सांगतो, जरा लांबेल.

आधी ॲडऑनचं. तुम्ही लिहिलंय "मी काहीच बदललं नाही तरी बंद पडली". अहो, काहीच बदललं नाही म्हणूनच बंद पडली. फायरफॉक्समधलं प्रत्येक ॲडऑन मोझिलाच्या, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्यांच्या, सहीचं असतं आणि ती सही खरी का खोटी हे ब्राउझर स्वतःजवळच्या एका मूळ सर्टिफिकेटवरून तपासतो. त्या सर्टिफिकेटची मुदत १४ मार्च २०२५ ला संपली. नवीन सर्टिफिकेट १२८ मध्ये आणि जुन्या मशीनवाल्यांसाठी ११५.१३ ईएसआरमध्ये आधीच घातलेलं होतं, त्यामुळे ज्यांनी अपडेट केलं त्यांना काही कळलंसुद्धा नाही. तुमच्या ८८ ला मात्र ती सही आता ओळखता येत नाही. ॲडऑन काढून परत टाकून काही होणार नाही. घड्याळ मागे करून चालवा असा सल्ला कुणी दिला तर तोही नको, तारीख चुकली की निम्म्या साइटचं एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, रुसतं.

आता ८८ वर का राहू नये याचं खरं कारण. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत एक भोक सापडलं. मुद्दाम बिघडवलेलं चित्र नुसतं पानावर दिसलं तरी समोरच्याला तुमच्या ब्राउझरमध्ये स्वतःचा कोड चालवता येईल अशी सोय, आणि लोक त्याचा वापर करतही होते. तीच लायब्ररी सगळ्यांकडे असल्यामुळे क्रोम, एज, फायरफॉक्स सगळ्यांना पळापळ करावी लागली. फायरफॉक्सने ११७.०.१ काढून ते बुजवलं. तुमच्या ८८ मध्ये ते तसंच उघडं आहे, आणि वेबपी म्हणजे काही दुर्मिळ प्रकार नाही, बातम्यांच्या साइटवरचे फोटो बरेचदा त्यातच असतात. "मी कुठल्या वाईट साइटवर जातच नाही" हे इथे कामाचं नाही कारण चांगल्या साइटवरची जाहिरात तिसरीकडूनच येते, आणि तुमचा ॲडब्लॉकर तर मार्च २०२५ पासून झोपलाय! हे एक उदाहरण झालं, ८८ एप्रिल २०२१ ची आहे, तेव्हापासून बुजवलेली बाकीची भोकं वेगळी. या ब्राउझरवर नेटबँकिंग करताय त्याची मला खरी धास्ती वाटते. बँकेची लाल पट्टी बरोबरच आहे, एरवी बँकांच्या पट्ट्यांवर माझा फार विश्वास नाही ही गोष्ट वेगळी.

पण तुमच्या तक्रारींतल्या निम्म्या गोष्टींचा व्हर्जनशी संबंधच नाही, त्या ८८ मध्येही बंद होतात आणि नव्यातही कराव्या लागतात. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, खाली परमिशन्स, तिथे नोटिफिकेशन्ससमोरचं सेटिंग्ज बटण दाबा आणि "नवीन विनंत्या अडवा" अशा अर्थाची टिक करा. त्याच यादीत ज्यांना आधी चुकून अलाऊ झालंय त्या साइट दिसतील, त्या उडवा. उजव्या कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला" असं जे येतं ते नव्वद टक्के वेळा व्हायरस नसतो, अशीच कुठल्यातरी फालतू साइटला दिलेली परवानगी असते. ऑटोप्ले तिथेच आहे. मुळात फक्त आवाज अडवलेला असतो म्हणून मुके व्हिडिओ सुरू होत राहतात, ते "ऑडिओ आणि व्हिडिओ दोन्ही ब्लॉक" करा. झालं, दोन तक्रारी पाच मिनिटांत गेल्या.

टॅबचं दुखणं मला कळतं, टॅबची तरंगती बटणं केली ते मलाही आवडलेलं नाही आणि जागा पण जास्त खातात. पण कडीकुलूप काढून टाकलेल्या घरात राहायचं का, तर म्हणे नवीन दाराचा रंग आवडला नाही! यावर उपाय आहेत. एक, पत्त्याच्या पट्टीत about:config टाकून जे पान उघडतं त्यात "ब्राउझर डॉट कॉम्पॅक्टमोड डॉट शो" (अर्थात इंग्रजीत टाइप करून) ट्रू करा, मग कस्टमाइझ टूलबारमध्ये खाली डेन्सिटीत कॉम्पॅक्ट मिळेल, पट्टी बारीक होते. दोन, मार्च २०२५ च्या १३६ पासून टॅब उभे लावता येतात, डाव्या बाजूला यादीसारखे, मग वरची ती बटणंच गायब. आधी विचित्र वाटतं पण वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवणाऱ्या माणसाला हे फार सोयीचं आहे, नावं तरी वाचता येतात. तिसरा उपाय युजरक्रोम सीएसएस, म्हणजे ब्राउझरचं रूप बदलणारी स्वतः लिहायची फाइल, त्यात अगदी जुनं रूपडं परत आणता येतं, पण मोठं अपडेट आलं की काहीतरी मोडतं आणि मग तुम्ही परत अपडेट बंद करून बसाल, म्हणून तुमच्यासाठी नको.

ईएसआर का, तर नेहमीचं फायरफॉक्स साधारण चार आठवड्यांनी नवा आकडा घेऊन येतं आणि त्यात काय हलवलेलं असेल सांगता येत नाही. ईएसआर म्हणजे कंपन्या-कॉलेजांसाठीची आवृत्ती, साधारण वर्षभर एकाच आकड्यावर थांबते, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या येत राहतात. चेहरामोहरा बदलायचा तर वर्षातून एकदाच. घरच्या माणसाने वापरू नये असा काही नियम नाही, फुकटच आहे, मोझिलाच्या साइटवरून सध्या चालू असलेली ईएसआर उतरवा. आधी नेहमीचं टाकून बघू, नाही आवडलं तर ईएसआर, असं मात्र करू नका. ६७ व्या आवृत्तीपासून नवीन फायरफॉक्सने वापरलेलं प्रोफाइल (तुमचे बुकमार्क, पासवर्ड ठेवलेलं फोल्डर) जुन्या आकड्याला उघडू देत नाहीत, नवीन कोरं प्रोफाइल बनवा म्हणतात, आणि मग बुकमार्क गेले म्हणून घाबरायला होतं. ८८ वरून सरळ ईएसआरवर चढलात तर ही भानगडच नाही.

चढायच्या आधी हेल्पमधून ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा, प्रोफाइल फोल्डर दिसेल, ते उघडून ठेवा, फायरफॉक्स पूर्ण बंद करा आणि अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. बुकमार्क, पासवर्ड, हिस्ट्री सगळं त्यात येतं. पासवर्डची वेगळी सीएसव्ही फाइल पण काढता येते, पण ती उघड्या अक्षरात असते, काम झालं की डिलीट करा, डेस्कटॉपवर पासवर्ड नावाने पडलेली फाइल मी लोकांकडे पाहिलेली आहे. इन्स्टॉलरने किंवा ब्राउझरने "रिफ्रेश करू का", "जुनी ॲडऑन काढू का" असं विचारलं तर नाही म्हणा. उघडल्यावर बुकमार्क दिसले नाहीत तर ते गेले असं समजू नका, बहुतेक वेळा नवीन प्रोफाइल बनलेलं असतं, पत्त्याच्या पट्टीत about:profiles टाकून तिथे जुनं डिफॉल्ट करा.

आणि ती पॉलिसी फाइल आठवणीने काढा. नाहीतर ती त्याच फोल्डरमध्ये राहील आणि नवं फायरफॉक्स पण गपगुमान अपडेट न घेता बसेल. सेटिंग्जच्या वर "तुमचा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते" असं दिसत असेल तर ती संस्था म्हणजे तुम्हीच.

पुढे अपडेट कसं घ्यायचं हे आकड्यावरून ठरवा. पहिला आकडा बदलला असेल तर आठवडाभर थांबलात तरी चालेल, कोणाचं काय मोडतंय ते बघून घ्या, ईएसआरमध्ये तर जुनी आवृत्ती नव्याबरोबर काही आठवडे चालू ठेवतात. पण टिंबानंतरचा आकडा बदलला तर त्याच दिवशी घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये १३१.०.२ अशीच आली होती, दिसायला काहीच नवीन नाही, आत मात्र लोक प्रत्यक्ष वापरत असलेलं भोक बुजवलेलं.

मोझिला काही संत नाही. जुलै २०२४ ला १२८ मध्ये जाहिराती मोजायची एक सेटिंग न विचारता चालू करून दिली होती. म्हणून अपडेट झाल्यावर प्रायव्हसीचं पान एकदा खालपर्यंत बघायचं, नवीन टॅबच्या पानावरचे स्पॉन्सर्ड शॉर्टकट बंद करायचे.

क्रोमवर जा म्हणणारे भेटतीलच. तुमचं निम्मं आयुष्य युब्लॉक ओरिजिन या ॲडब्लॉकरवर चाललंय, आणि क्रोमने मॅनिफेस्ट व्ही३ हे ॲडऑनसाठीचे नवे नियम आणून २०२५ मध्ये पूर्ण युब्लॉक बंदच केला, लाइट नावाचं हलकं भावंड तेवढं चालतं. फायरफॉक्समध्ये तो अजून पूर्ण चालतो. त्या एका कारणासाठी मी तरी हलत नाही.

वडिलांच्या विंडोज ७ चं विचारलंत त्याबद्दल: तिथे क्रोम १०९ वर थांबलं, फायरफॉक्स ११५ ईएसआरवर. मोझिलाने त्याची मुदत वाढवत नेली म्हणून दोघांत फायरफॉक्स बरा, पण खालची विंडोजच २०२० पासून बेवारस आहे. भजनं, बातम्या, पत्ते खुशाल चालू द्या. पेन्शनचं खातं त्यावर उघडू देऊ नका.