लपवलेला बांगडा

"मासा दिसला की ही ताटावरून उठते." आठ वर्षांच्या एका मुलीच्या आईबाबांची तक्रार एवढीच होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बांगडा, तारली, सॅल्मन असे अंगात तेल असलेले मासे आठवड्यातून एकदा तरी पोटात जाऊ द्या. तेव्हापासून मासा रांधायच्या दिवशी घरात रडारड व्हायची. हीच काळजी घेऊन माझ्याकडे इतके पालक येतात, की ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.

डॉक्टरांचा सल्ला योग्यच होता. या माशांच्या तेलात ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्लं असतात. त्यातलं डीएचए मेंदूच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या घडणीत लागतं. जवस-अक्रोडातही ओमेगा-३ असतं, पण ते वेगळ्या प्रकारचं. त्यातून शरीर डीएचए बनवतं ते फारच थोडं. शिवाय अन्नातून सहसा कमी मिळणारं ड जीवनसत्त्व या माशांत भरपूर असतं.

पण किती द्यायचा, हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. आईबाबा ताटात अख्खा बांगडा वाढत होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या हिशेबाने चार ते सात वर्षांच्या मुलाला एका वेळी साधारण 55 ग्रॅम मासा पुरतो आणि आठ ते दहा वर्षांच्या मुलाला साधारण 85 ग्रॅम, तोही आठवड्यातून दोनदा. हे ऐकताच आईचा चेहरा सैल झाला. निम्मं भांडण त्या अख्ख्या बांगड्यावरच चाललं होतं.

मग आतापर्यंत काय काय करून झालं ते विचारलं. आधी समजावणं, मग दटावणं, मग "दोन घास खा, मोबाइल देते". शेवटी आईने बटाट्याच्या कटलेटमध्ये मासा कुस्करून घातला आणि काहीच सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मुलीने दोन कटलेट खाल्ली. दुसऱ्या वेळी दाताखाली काटा आला. त्यानंतर ती प्रत्येक पदार्थ बोटाने फोडून बघायला लागली, अगदी साधा उकडलेला बटाटासुद्धा. घरच्यांनी याला नखरे म्हटलं.

मुलीशी वेगळं बोलले. "काटा टोचतो म्हणून आवडत नाही का?" तिने नकारार्थी मान हलवली आणि म्हणाली, "कशात आहे ते मला आधी सांगतच नाहीत."

या एका वाक्यावर मी पुढचं सगळं बेतलं. भाजी बेमालूम मिसळली तर कदाचित खपून जाते. माशाला वास असतो, काटा असतो, तो पकडला जातोच. आणि समजा नाही पकडला गेला, तरी मूल शिकतं ते कटलेट खायला. मासा अनोळखीच राहतो, वर आईवरचा भरवसा उडतो तो वेगळाच. म्हणून पहिली अट घातली: घरात मासा असला की तो कशात आहे हे जेवायच्या आधी मोठ्याने सांगायचं.

मोबाइलचं आमिषही बंद केलं. 1984 मध्ये मुलांच्या खाण्याच्या सवयींच्या अभ्यासक लीअ‍ॅन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना एक नव्या चवीचं पेय दिलं होतं. ते पिण्याबद्दल ज्यांना बक्षीस मिळालं, त्यांची त्या पेयाची आवड कमी झाली. ज्यांना नुसतंच प्यायला दिलं, त्यांची तशी झाली नाही. बक्षीस लागतं म्हणजे वस्तू वाईटच असणार, हा मुलांचा तर्क काही चुकीचा नाही. "शाब्बास, खाल्लंस!" हेही मी थांबवायला सांगितलं. टाळ्या वाजल्या की मुलाला कळतं, सगळ्यांची नजर आपल्या घासावर आहे.

"मग आम्ही करायचं तरी काय?" आई वैतागून म्हणाली. मी विचारलं, बाबांच्या ताटात काय असतं? बाबा हसले. त्यांना पांढरा, सौम्य मासा आवडायचा. बांगड्याला ते स्वतः हात लावत नव्हते. तर पहिले काही आठवडे मासा आईबाबांनी खायचा आणि मुलीच्या ताटात वाढायचाच नाही, असं ठरलं.

काट्याचं काम मुलीकडे दिलं. कच्च्या तुकडीवर डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवलं की काट्यांची टोकं हाताला लागतात. बोथट टोकाच्या चिमट्याने ते ज्या दिशेला कललेले असतात त्याच दिशेला ओढले की मांस न फाटता निघतात. काढलेले काटे एका बशीत ठेवायचे आणि नंतर हात धुवायचे. डबाबंद तारलीत तर गंमतच झाली. डबाबंद करताना उष्णतेने आणि दाबाने काटे इतके मऊ होतात की चमच्याखाली भुगा होतो. "हा तर खडू आहे!" असं म्हणत तिने पहिल्यांदा मासा जिभेला लावला, आणि लगेच कागदात थुंकला. थुंकायची परवानगी होती. नवी चव अंगवळणी पडायला मुलांना आठ-दहा, कधी पंधरा वेळाही चाखावं लागतं. बहुतेक घरं त्याच्या आधीच हार मानतात.

वासावर इलाज स्वयंपाकघरातच आहे. माशाचा उग्र वास मुख्यतः ट्रायमिथिलअमाइन या रसायनामुळे येतो आणि लिंबाच्या आम्लाने तो दबतो. या माशांचं तेल लवकर खवट होतं, म्हणून शिळा मासा मुलाला चाखायला देऊच नये. तुकडीच्या मधोमध, कातडीला लागून गडद रंगाचा पट्टा असतो. उग्र चव त्यातच जास्त असते, तेव्हा सुरुवातीला तो कापून टाकावा. भट्टी 200 अंशांवर ठेवली तर पातळ तुकडी दहा-बारा मिनिटांत होते. त्याहून जास्त भाजली की कोरडी पडते आणि वासही वाढतो.

एक गोष्ट मात्र नखऱ्यांत मोजायची नाही. मासा खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर ती अ‍ॅलर्जी असू शकते. तडक डॉक्टर गाठावा. बांगडा, तारली, ट्युना थंड न ठेवता पडून राहिले तर त्यांत हिस्टामाइन नावाचं रसायन तयार होतं, शिजवूनही ते जात नाही, आणि त्यानेही चेहरा लाल होऊन खाज सुटते. शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन यांच्यासारखे मोठे शिकारी मासे त्यांच्या अंगात साठलेल्या पाऱ्यामुळे मुलांना देऊच नयेत.

मधे एकदा घरी आलेल्या पाहुण्यांनी कौतुकाने तिला आग्रह करून भरवलं आणि गाडी बरीच मागे गेली. पुन्हा जिभेला लावण्यापासून सुरुवात करावी लागली.

आता ती बांगडा खाते. कातडी काढून, लिंबू स्वतः पिळून, आपल्याला हवा तेवढाच. तारली डब्यातली चालते, ताजी नाही. सॅल्मनला अजून हात लावत नाही. शेवटच्या भेटीत आईने विचारलं, "सॅल्मनसाठी हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं का हो?"

मी म्हटलं, "कशाला? बांगड्यातही तेच ओमेगा-३ आहे."