घरी बनवलेला फ्लो बेंच (इंजिनाच्या हेडमधून किती हवा जाते ते मोजणारं यंत्र) कॅलिब्रेट कसा करायचा? सिलेंडर हेड तपासायचं आहे.

हेडच्या जागी माहीत असलेल्या मापाच्या, धारदार काठाच्या भोकाची प्लेट लावा आणि बेंचचं रीडिंग तिच्या हिशोबी फ्लोशी जुळवा. अशा भोकाचा डिस्चार्ज कोएफिशिअंट, म्हणजे प्रत्यक्ष फ्लो आणि आदर्श फ्लो यांचं गुणोत्तर, ०.६० ते ०.६२ च्या आसपास असतो, म्हणून फ्लो गणिताने काढता येतो. २८ इंच पाण्याच्या दाबफरकाला हवेचा वेग साधारण १०८ मीटर प्रति सेकंद येतो. ४० मिमी भोकातून त्या हिशोबाने १७० ते १७५ सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) जायला हवेत.

सगळा खेळ काठाचा आहे. ३ मिमी ॲल्युमिनियमची प्लेट लेथवर बोअर करा, मागून ४५ अंशांचा उतार द्या आणि धारदार बाजू येणाऱ्या हवेकडे ठेवा. कड नखावर ओढली तर नख खरवडलं पाहिजे. गुळगुळीत दिसावी म्हणून पॉलिश पेपर मारलात की कोएफिशिअंट वाढतो आणि प्लेट वाया.

आधी मात्र भोक नसलेली प्लेट लावून गळती बघा, ती प्रत्येक रीडिंगमधून वजा होईल. मग निदान तीन वेगवेगळी भोकं घ्या. एकाच भोकावर जुळवलेला बेंच कमी लिफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह थोडाच उघडलेला असताना, हमखास फसवतो. दाब २८ ऐवजी १० इंचच मिळत असेल तर आलेला फ्लो १.६७ ने गुणा, कारण तो दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो.

एवढं करूनही आकडे दुसऱ्याच्या बेंचशी ताडू नका. पोर्ट (हेडमधला हवेचा मार्ग) घासण्याआधी आणि नंतर, त्याच बेंचवर, एवढ्यापुरतेच ते भरवशाचे.