एकाच माणसाचा फोटो दाखवून ‘हाच होता ना?’ असं पोलिसांनी साक्षीदाराला विचारणं योग्य आहे का?

तुमच्या मामांकडे दरोडा पडला आणि पोलिसांनी मोबाइलवर एकच फोटो दाखवून ‘हाच होता ना?’ विचारलं, असं तुम्ही लिहिलंय. हे चूकच. संशयित सापडलेला नसताना पुष्कळ फोटोंमधून शोधायला सांगणं वेगळं.

मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. ओळख परेड, म्हणजे साक्षीदाराने रांगेतल्या माणसांतून आरोपी ओळखायचा, ती घेण्याचं काम आमच्याकडे असे. कारागृहात, दोन पंचांसमोर, पोलिसांना बाहेर ठेवून. एका आरोपीबरोबर निदान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं, वयाने आणि अंगकाठीने त्याच्यासारखे. तसे सहा जण जमवण्यातच अर्धा दिवस जायचा. रांगेत कुठे उभं राहायचं ते आरोपी ठरवतो. एक साक्षीदार गेला की आरोपीला जागा आणि कपडे बदलता येतात.

पण साक्षीदाराने फोटो आधीच पाहिला असेल तर हे सगळं वाया जातं. त्याला त्या रात्रीचा चेहरा आठवत नाही, मोबाइलवरचा आठवतो, आणि हे त्याचं त्यालाही कळत नाही. म्हणून मी आधी विचारायचो, घटनेनंतर याला किंवा याचा फोटो कुठे पाहिलात का? एक आजी म्हणाल्या, ‘हो, साहेबांनी दाखवला की.’ मी तसंच लिहून घेतलं. तपास अधिकारी माझ्यावर चिडले होते.

नाशिकचं एक प्रकरण माझ्या मनातून जात नाही. जून 2003 मध्ये तिथे दरोडा पडला, पाच खून झाले. वाचलेल्या बाईंनी लगेचच पोलिसांकडच्या फोटोंतून चार जण ओळखले होते. त्यांच्यावर खटला चाललाच नाही. उभे केले गेले ते भटक्या जमातीतले दुसरेच सहा जण. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि उरलेल्या तिघांनाही फाशी सुनावली. मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तोवर सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. त्या चार फोटोंचा तपास तेव्हाच का झाला नाही, याचा मला आजही संताप येतो.

मामांना परेडला बोलावलं तर फोटो दाखवल्याचं त्यांनी आधीच सांगावं, ते लिहून घ्यायला लावावं. खात्री नसेल तर ‘ओळखता येत नाही’ म्हणायला कचरू नये. ते उत्तरही नोंदवावंच लागतं.