‘मला माहीत नाही’ म्हणताना इंग्रजीत शब्दांचा क्रम का बदलतो?

मुलाखतीत पदवीच्या निकालाबद्दल विचारल्यावर तुम्ही ‘आय डोन्ट नो व्हेन विल द रिझल्ट कम’ असे उत्तर दिले आणि ते चुकीचे ठरवले गेले. परंतु ‘व्हेन विल द रिझल्ट कम’ हे तर शाळेत शिकवलेलेच वाक्य आहे, मग चूक कुठे झाली, असा तुमचा प्रश्न आहे. मी लातूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. ही चूक मी असंख्य वह्यांत दुरुस्त केली आहे, आणि ती बहुधा अभ्यासू मुलांकडूनच होते, कारण प्रश्नार्थक वाक्याचा नियम त्यांनी मन लावून पाठ केलेला असतो.

आधी आपल्या मराठीकडे पाहा. ‘निकाल कधी लागेल?’ हा प्रश्न आहे आणि ‘निकाल कधी लागेल हे मला माहीत नाही’ हे विधान आहे. दोन्हींत पहिले तीन शब्द जसेच्या तसे राहिले; फक्त ‘हे’ जोडले गेले. या ‘हे’ने संपूर्ण प्रश्नाची मोट बांधली आणि त्याचे नामवाक्य केले, म्हणजे आता कोणी काही विचारत नाही, केवळ माहीत नसलेल्या गोष्टीचे नाव सांगितले जात आहे. इंग्रजीत असा ‘हे’ नाही. तेथे हे काम शब्दांचा क्रम करतो. विचारायचे असेल तेव्हा ‘विल’ कर्त्याच्या पुढे जाते, आणि विचारणे संपले की ते आपल्या जागी परत येते: ‘आय डोन्ट नो व्हेन द रिझल्ट विल कम.’ ‘डोन्ट नो’नंतर जे येते ते वाक्यातील कर्म आहे, प्रश्न नव्हे, एवढे मनात पक्के बसले तर वेगळा नियम पाठ करावा लागत नाही.

‘डू’ आणि ‘डज’ यांच्या बाबतीत बदल अधिक ठळक दिसतो. बसस्थानकावर ‘नांदेडची गाडी कधी सुटते?’ असे विचारताना ‘व्हेन डज द बस लीव्ह?’ म्हणावे लागते. पण माहीत नसल्याचे सांगताना ‘डज’ पूर्णपणे निघून जाते आणि त्यातला ‘ज’ क्रियापदाला चिकटतो: ‘आय डोन्ट नो व्हेन द बस लीव्हज.’ जेथे प्रश्नवाचक शब्द स्वतःच कर्ता असतो, तेथे काहीच हलत नाही, ‘हू केम?’ आणि ‘आय डोन्ट नो हू केम’ यांतला क्रम एकच आहे. ‘डू यू नो व्हेअर ही इज?’ या वाक्यात ‘डू’ने प्रश्न आधीच विचारलेला असल्यामुळे आतल्या भागात पुन्हा क्रम उलटत नाही.

‘तो येईल की नाही, माहीत नाही’ या प्रकारच्या वाक्यात आपल्याकडे दुसरी चूक होते. मराठीत ‘की नाही’ शेवटी येते, म्हणून मुले ‘आय डोन्ट नो ही विल कम ऑर नॉट’ असे लिहितात. इंग्रजीला मात्र शंकेची खूण सुरुवातीलाच हवी असते, त्यामुळे ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ गाळता येत नाही.

भूतकाळाकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला वाटते. ‘तुम्ही आजारी आहात हे मला माहीत नव्हते’ या मराठी वाक्यात ‘आहात’ वर्तमानकाळी राहते, पण इंग्रजीत बाहेरचा भूतकाळ सहसा आतल्या क्रियापदालाही ओढून घेतो: ‘आय डिडन्ट नो यू वेअर इल.’ येथे ‘डिडन्ट न्यू’ लिहिणे चूक आहे, कारण भूतकाळ ‘डिड’ने आधीच दाखवलेला असतो. त्याचप्रमाणे ‘मला कळत नाहीये’ यावरून ‘आय ॲम नॉट नोइंग’ करू नये. ‘नो’ हे स्थितिदर्शक क्रियापद आहे, चालू क्रियेचे नाही.

तुमच्या वाक्याला अडाणीपणा म्हणणे मात्र मला मान्य नाही. आयर्लंडच्या इंग्रजी बोलीत ‘आय डोन्ट नो इज ही कमिंग’ अशी रचना सहज ऐकू येते. खुद्द ‘डोन्ट नो’ही सर्वकाळ चालत आलेले नाही, 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये देवाने भावाबद्दल विचारल्यावर आदामाचा मुलगा केन ‘आय नो नॉट’ असे उत्तर देतो. तरीही परीक्षेत आणि मुलाखतीत आजचे प्रमाण रूपच वापरावे.

आता शब्दांच्या वजनाबद्दल. आपल्याकडे घरात ‘काय की’ किंवा ‘मला मालूम नाही’ म्हणणारा माणूस कार्यालयात ‘मला कल्पना नाही’ म्हणतो, कारण ते अधिक सौम्य वाटते. त्याचे शब्दशः रूप ‘आय हॅव नो आयडिया’ इंग्रजीत सौम्य नाही. त्याचा अर्थ ‘मला काहीएक ठाऊक नाही’ इतका ठाम होतो आणि मुलाखतीत तो बेफिकीर वाटू शकतो. तेथे ‘आय ॲम नॉट शुअर’ने सुरुवात करावी. त्यानंतरही आतल्या भागाचा क्रम तोच राहतो: ‘आय ॲम नॉट शुअर व्हेन द रिझल्ट विल कम.’