काकूंचे पंधराशे रुपये आणि आपला उपवास

प्रश्न : बाई, नमस्कार. २०२४ च्या विधानसभेच्या निकालापासून आमच्याकडे वडील आणि काका एकमेकांशी बोलत नाहीत. वडील म्हणाले, महिन्याला पंधराशे रुपये वाटून मतं घेतली. काकूंना लाडकी बहीणचे पैसे येतात, त्यामुळे काकांना ते फार लागलं. मी प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात) राजकारण सोडायचं ठरवलंय. बातम्या नाहीत, चर्चा नाही. मैत्रीण म्हणते, ही पळवाट आहे. तुम्हाला काय वाटतं?
(वाचक, वय २६, घोरपडी)

उत्तर : मैत्रिणीचं म्हणणं मला पटतं. ताटावर बसलं की कुणीतरी चिडून उठतं, त्या घरात शांतता हवीशी वाटणारच, ते मी समजू शकते. पण तू राजकारण सोडलंस तर तुझं काय अडणार आहे? काकूंना ते सोडता येईल का? अर्जांची पडताळणी सुरू झाल्यापासून कितीतरी बायका हप्ता येणार की नाव कटणार या काळजीत आहेत. ज्याचं काहीच जात नाही, त्याचं गप्प बसणं हा उपवास कसा म्हणायचा?

राखेच्या बुधवारनंतर, म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवसानंतर, येणाऱ्या शुक्रवारी मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. तो पुन्हा काढून वाच. उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच फायदा बघता, कामकऱ्यांना राबवता, भांडता, हातघाईवर येता, असं संदेष्टा तोंडावर सांगतो. मग देवाला हवा असलेला उपवास कोणता, तेही सांगतो : अन्यायाच्या बेड्या तोडा, भुकेल्याला आपल्यातलं द्या, उघड्याला वस्त्र द्या. राजकारणाला न शिवता यातलं काय होईल? आणि भांडणाबद्दलही त्यानं तिथंच सांगून ठेवलंय.

पुण्याला उपवास आणि राजकारण यांचं नातं नवं नाही. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध उपवास केला आणि त्यातून पुणे करार झाला. त्या उपवासाचं ओझं डॉ. आंबेडकरांवर पडलं, हे मी आजोबांच्या तोंडून ऐकत मोठी झाले. आम्ही नगर जिल्ह्यातले, गावकुसाबाहेरून ख्रिस्ती झालेले. आमच्या घरात त्या कराराची गोष्ट कौतुकानं कधीच सांगितली गेली नाही. दुसऱ्याला वाकवणाऱ्या उपवासाची मला तेव्हापासून धास्ती वाटते.

म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव गंज पेठेतल्या फुलेवाड्यात तीन दिवस उपवासाला बसले, तेव्हा मी मुद्दाम गेले. तेव्हा वय ९४. निवडणुकीतला पैसा आणि मतदान यंत्रं यांबद्दल त्यांचा आक्षेप होता. यंत्रांबद्दलचं त्यांचं म्हणणं कुणाला पटेल, कुणाला नाही. शरद पवार आले, अजित पवार आले, शेवटी उद्धव ठाकरे यांच्या हातून पाणी घेऊन उपवास सुटला. पण बाबांनी त्याला नाव दिलं होतं आत्मक्लेश. ज्या लोकशाहीसाठी जन्म घालवला तिची ही अवस्था झाली, याचा त्रास आधी स्वतःच्या देहाला करून घ्यायचा. मला हा उपवास प्रायश्चित्तकाळाच्या फार जवळचा वाटला, आणि तो करणारा माणूस आपल्या धर्माचा नाही याचा आनंदच झाला.

तू बातम्या वाच. सोडायचंच तर न तपासता पुढे ढकललेले मेसेज सोड. काकूंजवळ बस आणि ते पैसे कशाला लागतात ते विचार : सिलिंडर, गोळ्या, मुलाची फी, काय असेल ते. वडिलांना ते त्यांच्या शब्दांत सांग. मग वडिलांना काय खुपतं तेही ऐक, कारण मत विकलं जाऊ नये ही त्यांची कळकळ खरी आहे. आणि आपल्या महापालिकेत मार्च २०२२ पासून २०२६ पर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तेव्हा गल्लीतलं गटार तुंबलं तर काकूंनी कुणाकडे जायचं? आताही त्यांच्याबरोबर क्षेत्रीय कार्यालयात जा, अर्ज दे, पोच घे. चाळीस दिवसांत एवढं कर.

प्रश्न : मार्च २०२५ मध्ये ‘कॉन्क्लेव्ह’ हा सिनेमा बघायचा होता. सासूबाई म्हणाल्या, पोप रुग्णालयात असताना पोपच्या मृत्यूवरचा सिनेमा, तोही उपवासकाळात, अभद्र आहे. काय करायला हवं होतं?
(वाचिका, वडगाव शेरी)

उत्तर : सिनेमा बघू नये असा नियम नाही. पण पोप फ्रान्सिस १४ फेब्रुवारी २०२५ पासून रुग्णालयात होते आणि सासूबाईंचा जीव खरोखर टांगणीला लागला होता. आधी त्यांच्याबरोबर रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) बसायचं. सिनेमा त्यानंतर बघायचा, जमलं तर त्यांना घेऊन.

मी तो त्याच फेब्रुवारीत पाहिला. पोप वारतात, कार्डिनल (नवा पोप निवडणारे वरिष्ठ धर्मगुरू) स्वतःला कोंडून घेतात आणि एकाला दोन तृतीयांश मतं मिळेपर्यंत मतदान चालतं. गट पडतात, पैसे फिरतात, जुनी प्रकरणं उकरली जातात. चर्चमध्ये राजकारण असतं, हे पाहून श्रद्धा डळमळेल असं मला वाटत नाही. ही निवडणूक सांभाळणाऱ्या कार्डिनल लॉरेन्सचं एक प्रवचन आहे : त्याला सर्वांत मोठी भीती वाटते ती ‘माझंच खरं’ या खात्रीची. शंकाच नसेल तर श्रद्धेची गरज काय, असं तो विचारतो. घोरपडीच्या वाचकानं वडिलांना आणि काकांना शेजारी बसवून हे ऐकवावं.

माझ्या मनात राहिली ती मात्र सिस्टर अॅग्नेस. सिनेमाभर सिस्टर्स (नन) स्वयंपाक करतात, वाढतात, बोलत नाहीत. एकदा भरल्या भोजनगृहात ती उभी राहते. आम्ही दिसू नये अशी अपेक्षा असली तरी देवानं आम्हाला डोळे आणि कान दिलेत, अशा अर्थाचं बोलते आणि जे माहीत आहे ते सांगते. मग गुडघा किंचित वाकवून नमस्कार करते आणि जाते. ज्या धर्मग्रामात (चर्चच्या विभागात) वेदीची वस्त्रं बायका धुतात, फुलं बायका लावतात आणि हिशेबाच्या बैठकीला पुरुष बसतात, तिथल्या बाईला तो गुडघा वाकताना पाहून काय होतं, ते मला शब्दांत सांगता येणार नाही. ही भूमिका करणाऱ्या इझाबेला रोसेलिनीनं ते काही क्षणांत केलंय. शेवटची कलाटणी मला घाईची वाटली. पटकथेला ऑस्कर मिळालं, ते योग्यच.

प्रश्न : धुळवडीला ऑफिसातल्या ख्रिस्ती मित्राला मटणाला बोलावलं. तो आला, पण नुसती पोळी-भाजी खाल्ली. आमचं काही चुकलं का?
(वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही. २०२५ मध्ये धुळवड १४ मार्चला, शुक्रवारी आली. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी कॅथलिक मटण-चिकन खात नाहीत. मासे आणि अंडी चालतात. राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवार (गुड फ्रायडे), या दोन दिवशी उपवासही असतो : एक वेळ पोटभर जेवण, बाकी थोडंसं. तो १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसांना. प्रॉटेस्टंट मंडळींची रीत चर्चगणिक वेगळी. त्याच शुक्रवारी कॅम्पात रोजेही चालू होते, त्यामुळे ताट राखून खाणारा तुमचा मित्र एकटा नव्हता.

तो घरी आला, तुमच्या पंगतीला बसला, हे त्याच्या मनात राहील.  ईस्टरला त्याला पुन्हा बोलवा, मटण करा आणि या वेळी आग्रह करून वाढा.