डोळ्याच्या पडद्याच्या फोटोवरून डिमेन्शियाचा धोका खरंच कळतो का?

तुमचा प्रश्न असा: आई 68 वर्षांच्या, बरीच वर्षं मधुमेह. कोथरूडच्या शिबिरात पडद्याचा फोटो काढून ‘स्मृतिभ्रंशाचा धोका: मध्यम’ असा कागद हातात दिला. आता एमआरआय करायचा का?

नुसत्या त्या कागदावरून नको. आधी मूळ फोटो मागून घ्या आणि मोठा करून बघा. डोळ्याची नस आत शिरते तिथे पिवळसर चकती दिसेल. तिच्यापासून निघालेल्या रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्या टोकापर्यंत स्पष्ट आहेत, की सगळं दुधी काचेतून पाहिल्यासारखं आहे? दुधी असेल तर कागदावरचा धोका बहुधा मोतीबिंदूचा आहे. धूसर फोटोत बारीक वाहिन्या सॉफ्टवेअरला दिसत नाहीत, फांद्या कमी मोजल्या जातात आणि कमी फांद्या म्हणजे जास्त धोका असा हिशेब लागतो. बाहुली मोठी करणारे थेंब न घालता काढलेल्या फोटोत आणखी एक गोची असते. वयानुसार बाहुली लहान झालेली असते, त्यात एका डोळ्यावर फ्लॅश पडला की दोन्ही बाहुल्या आकसतात. पाच-सात मिनिटं न थांबता दुसरा डोळा घेतला तर तो फोटो काळवंडतो. शिबिरात मागे रांग असते, थांबतंय कोण! जाड उणे नंबर असेल तर वाहिन्या मुळातच बारीक भासतात, ते वेगळंच.

मात्र कल्पना थोतांड नाही. रेटिना, म्हणजे हा पडदा, गर्भात मेंदूतूनच फुटलेला भाग, आणि शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या चिरफाड न करता थेट दिसतात अशी ही जागा. मोजमाप साधारण असं होतं: चकतीच्या कडेपासून तिच्या अर्ध्या ते एक व्यासापर्यंतच्या पट्ट्यात सर्वांत जाड सहा धमन्या आणि सहा शिरा घेतात, त्यांच्या जाडीचं गुणोत्तर काढतात. निरोगी डोळ्यात ते 2:3 च्या आसपास असतं. शिवाय वाहिन्यांचा वेडेवाकडेपणा आणि फांद्यांची दाटी बघतात. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम अभ्यासात शिरा रुंद असलेल्यांना पुढे डिमेन्शिया, विशेषतः रक्तपुरवठ्याशी संबंधित प्रकारचा, जास्त आढळला. (हळदीतलं कर्क्युमिन देऊन पडद्यातला अ‍ॅमिलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) चमकवण्याचे प्रयोग अमेरिकेत झालेत, पण ती निराळी तपासणी. हळदीचं दूध पिऊन फोटो चांगला येणार नाही.)

पण हजारो लोकांच्या सरासरीत दिसलेला फरक एका आईला लावताना गणित फिरतं. समजा, 1000 जणांपैकी 50 जणांना पुढे डिमेन्शिया होणार आहे आणि तपासणी दोन्ही बाजूंनी 80 टक्के अचूक आहे. त्या 50 पैकी 40 जण सापडतील, पण उरलेल्या 950 पैकी 190 जणांवरही उगाच शिक्का बसेल. म्हणजे ‘धोका’ लिहिलेल्या 230 कागदांपैकी 40 खरे. त्यात मधुमेह, रक्तदाब आणि काचबिंदू याच वाहिन्यांवर आपापल्या खुणा ठेवतात. तुमच्या आईच्या फोटोत मधुमेह बोलतोय की मेंदू, हे त्या आकड्यावरून वेगळं काढता येत नाही.

तरी डोळे तपासायला न्याच. मधुमेहासाठी पडदा वर्षातून एकदा बघायलाच हवा. ससूनच्या नेत्रविभागात, महंमदवाडीच्या ह. वि. देसाई रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या रेटिनावाल्यांकडे, पण बाहुली मोठी करून. थेंबांना 20-30 मिनिटं लागतात, नंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड खुपतो. त्यामुळे कर्वे रोडवर आईंना स्कूटर चालवू देऊ नका, रिक्षाने आणा. आधी कोणी ‘डोळ्याचा कोन अरुंद आहे’ असं सांगितलं असेल तर थेंब घालण्यापूर्वी तसं बोला, डोळ्यातला दाब एकाएकी वाढू शकतो. ओसीटी अँजिओग्राफी (प्रकाशाने पडद्यातल्या रक्तवाहिन्यांचा नकाशा काढणारी तपासणी) सुचवली तर घाबरू नका, त्यात सुई नाही, रंगद्रव्य नाही, हनुवटी टेकवून काही सेकंद स्थिर बघायचं. अहवालात सिग्नलची गुणवत्ता छापलेली असते. दहापैकी गुण देणाऱ्या यंत्रावर सातच्या खाली असेल तर डोळ्यात कृत्रिम अश्रूंचा थेंब टाकून पुन्हा घ्यायला सांगा.

एमआरआयचे पैसे तूर्त ठेवा. त्याऐवजी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), बी-12, थायरॉइड आणि घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ रक्तदाब. ऐकू कमी येत असेल तर कान तपासा. मोतीबिंदू पिकत असेल तर तो लांबवू नका. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगाने डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या 14 कारणांत उपचार न केलेला दृष्टिदोष घातला आहे, श्रवणदोष, रक्तदाब आणि मधुमेह त्यात आधीपासून आहेतच.

आणि आई रोजच्या मंडईतून येताना रस्ता चुकत असतील, गॅस वारंवार चालू राहत असेल, पेन्शनचा हिशेब जमेनासा झाला असेल, तर फोटो कितीही स्वच्छ आला तरी न्यूरॉलॉजिस्टकडे जा. ते आधी 30 गुणांची कागद-पेन्सिलची चाचणी घेतील. ती मराठीतून घ्यायला सांगा आणि चष्मा, कानाचं यंत्र विसरू नका, नाहीतर न दिसल्याचे आणि न ऐकू आल्याचे गुण स्मरणशक्तीच्या नावावर कापले जातात.